अकरा वाजता बुडणारा माणूस

माझा नवरा कुस्तोदियो कधी समुद्रावर गेला नाही. नदीपलीकडे जायच्या बोटीत बसला तरी तो दोन्ही हातांनी बाकाची कड धरून ठेवायचा आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तरी मी त्याला आठवड्यातून सहा दिवस, सकाळी अकरा वाजता, उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात बुडवत होते. सोमवारी सुट्टी. सोमवारी वानिया तिची माणसं घेऊन येत नसे.

गल्लीला हे ठाऊक होतं. पण गल्लीला ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या हाताने लिहून काढणं वेगळं.

आम्ही लिस्बनच्या आल्फामात राहतो, किल्ल्याखालच्या पायऱ्यांच्या गल्लीत. खाली दाराशी एक अंधारी खोली, वर दोन खोल्या, आणि वरच्या खोलीला एक खिडकी. त्या खिडकीत कुस्तोदियो बसतो. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्याला जिना उतरता येत नाही. खिडकीच्या दांडीला दोरी, दोरीला टोपली. टोपलीतून तो मला रिकामा कप खाली पाठवतो, मी त्याला वर्तमानपत्र आणि पाव वर पाठवते. ऐकू कमी येतं. कानात घालायचं यंत्र त्याच्याकडे होतं, पण ते शीळ घालतं म्हणून दाढीच्या सामानाबरोबर खणात पडलेलं असायचं.

मी खाली दाराशी छोटं टेबल मांडून चेरीची गोड दारू विकते. घरीच करते, माझी आई करायची तशी. आमच्या गल्लीत चार म्हाताऱ्या हे करतात. येणारे-जाणारे पाहुणे थांबतात, चॉकलेटच्या इवल्या कपात एक घोट घेतात, कप खाऊन टाकतात, आमचे वाळत घातलेले कपडे वर बघतात, त्यांचे फोटो काढतात आणि पुढच्या पायऱ्या चढतात. माझ्या परकराचे फोटो किती देशांत गेले असतील, देव जाणे.

पाच वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण ओलिविया गेली. मी काळे कपडे घातले. आमच्यात आईबापासाठी, भावंडांसाठीही काळं घालतात, आणि माझ्या वयाच्या बाईने एकदा घातलं की ते अंगावरून उतरत नाही. त्याच वसंतात वानिया पहिल्यांदा माणसं घेऊन माझ्या दाराशी थांबली. वानिया म्हणजे खालच्या वळणावरच्या मासेवालीची नात. ती लहानपणीच आईबापांबरोबर नवीन वस्तीत राहायला गेली होती. आता शिकून, इंग्रजी बोलत, पाहुण्यांना आमचीच गल्ली दाखवायला परत आली होती.

त्या दिवशी तिच्याबरोबर दहा-बारा जण होते. त्यातल्या एका उंच बाईने मला बघून काहीतरी विचारलं. वानिया म्हणाली, "मावशी, ही विचारतेय, तुमचे यजमान काय करायचे?"

करायचे. मी ते ऐकलं. माझ्या काळ्या कपड्यांवरून त्यांनी गृहीत धरलं होतं की यजमान गेलेले आहेत. तिथेच म्हणायला हवं होतं की बाई, हे काळं बहिणीसाठी आहे, नवरा वर बसून पाव खातोय. पण प्रश्न नवरा काय करायचा हा होता, आणि त्या प्रश्नाला तोंड बंद करायची मला जन्माची सवय होती.

कुस्तोदियो रस्ते झाडायचा. झाडायचा आणि धुवायचा. पस्तीस वर्षं महापालिकेत. आमच्या शहरात झाडूवाल्याला सगळे 'अल्मेदा' म्हणतात, त्याचं आडनाव काहीही असो. मला बाजारात 'अल्मेदाची बायको' म्हणत. वाईट बोलायचं म्हणून नव्हे, ओळख म्हणून. पण मला ते लागायचं.

ती उंच बाई माझ्या उत्तराची वाट बघत होती. दोन घरांच्या मधून खाली नदीचा तुकडा दिसतो, ऊन पडलं की चकाकतो. मी तिकडे हनुवटी केली आणि म्हणाले, "समुद्रावर होता."

वानियाने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईने छातीवर हात ठेवला. मग आणखी कुणी काही विचारलं, आणि वानिया म्हणाली, "कॉड मासे धरायच्या जहाजावर होते का, मावशी? तिकडे उत्तरेला?"

मी म्हणाले, "हो."

"आले नाहीत परत?"

मी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. त्यांना मात्र कळलं. त्या दिवशी बाटली संपली, पण ते सोडा. खरं सांगायचं तर मला आवडलं. त्या माणसांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मोठ्या चर्चमधल्या मूर्तीकडे बघतात. अल्मेदाच्या बायकोकडे कुणी असं बघत नाही.

पुढच्या आठवड्यात ती परत आली, नवी माणसं घेऊन. मग रोज. कहाणी वाढत गेली. आमच्या लहानपणी गल्लीत त्या जहाजांवर जाणारे पुष्कळ होते, मला सगळं ऐकून माहीत होतं. मोठ्या जहाजावरून माणसाला एकेकट्याला इवल्या होडीत उतरवतात. धुकं येतं. जहाजावर घंटा वाजवत राहतात, होड्या आवाजाच्या रोखाने परत येतात. एक होडी येत नाही, आणि तिच्यातल्या माणसाला पोहता येत नाही. मी एवढं सांगायचे आणि थांबायचे. वानिया इंग्रजीत सांगताना शेवटी तळहात आडवा धरून लाटेसारखा खालीवर करायची आणि मग हळूच खाली न्यायची. त्या हातावर माझा नवरा रोज बुडायचा.

दुसऱ्याच आठवड्यात वरून टोपली खाली आली आणि वानियाने मान वर केली.

"मावशी, तो कोण?"

"माझा नवरा."

ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. "मावशी, अहो काय हे. मी कागदावर छापलंय, मच्छीमाराच्या विधवेच्या हातची दारू."

"मग खोड ते."

"आता कसं खोडू? लोक तेवढ्यासाठी येतात." तिने डोळे पुसले. "जाऊ दे. कुणी विचारलंच तर तो तुमचा भाऊ. काय?"

मी काही बोलले नाही. न बोलण्याचं मी आयुष्यभर फार केलं.

समोरच्या दारात फेलिस्मिना बसायची. ती दारू विकत नाही, नुसती बसते, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे आणि जिभेने दहा वर्षांनी लहान. रोज साडेअकराला पाहुणे गेले की ती दारातून विचारायची, "काय गं एर्मेलिंदा, बुडाला का?"

"गप बस."

"आज लवकर बुडाला. काल बराच वेळ धडपडत होता."

एकदा म्हणाली, "चार वर्षं पाण्यात आहे बिचारा, त्याला एक जाड बनियन तरी विणून दे." मी हसले. तेव्हा मी हसू शकत होते, कारण मला वाटायचं, त्याला ऐकू येत नाही, म्हणजे झालेलं नाही.

एकच भीती होती. त्याला कळता कामा नये. बाकी गल्ली हसली तरी चालेल, वरच्या संत अंतोनीला राग आला तरी चालेल. वरच्या खिडकीतल्या माणसाला कळता कामा नये, एवढंच मी रात्री झोपताना मागायचे. चुकीच्या गोष्टीसाठी देवाकडे मागणं मागितलं की ते कसं पुरं होतं, ते पुढे आलंच.

गेल्या वर्षी जूनमध्ये, संत अंतोनीच्या सणानंतर दोन दिवसांनी, वानिया ब्राझीलची माणसं घेऊन आली. गल्लीत अजून कागदी माळा लटकत होत्या आणि भाजलेल्या तारली माशांचा वास दगडांना धरून होता. ही माणसं कुठल्याशा चर्चमधून एकत्र आली होती, वीस-बावीस. त्यांना आमचीच भाषा येत होती. म्हणजे मध्ये वानिया नाही. मला सगळं स्वतः सांगायचं होतं, आणि मागच्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने.

मी सांगितलं. होडी, धुकं, घंटा. परक्या भाषेच्या पडद्याआड बोलणं सोपं असतं. इथे मी एक शब्द बोलले की तो समोरच्या डोळ्यांत लगेच उमटत होता. एका जाडजूड बाईचे डोळे भरून आले. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"त्यांचं नाव काय होतं, ताई? प्रार्थना म्हणायची तर नाव लागतं."

मला कुठलंही नाव घेता आलं असतं. आमच्या भाषेत पुरुषांची हजार नावं आहेत. पण प्रार्थनेत खोटं नाव घालायला जीभ उठली नाही, आणि खरं नाव घातलं की ते किती मोठं पाप होईल, हा विचार जिभेच्या मागून आला.

"कुस्तोदियो," मी म्हणाले.

ती सगळी माणसं माझ्या दाराशी डोळे मिटून उभी राहिली. "हे प्रभो, तुझा सेवक कुस्तोदियो, ज्याला समुद्राने घेतलं, त्याच्या आत्म्याला चिरशांती दे." मग त्यांनी एक भजन म्हटलं, चांगलं म्हटलं, दोन सुरांत. मी खाली बघत होते. भजन संपलं आणि वरून आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा:

"आमेन."

मी वर बघितलं. कुस्तोदियोने टोपी काढून छातीशी धरली होती आणि तो क्रूसाची खूण करत होता.

सगळ्यांनी वर बघितलं. "हे कोण?" त्या बाईने विचारलं.

"भाऊ आहेत," वानिया चटकन म्हणाली. कुणाचे, ते तिने सांगितलं नाही.

"धीर धरा हो, आजोबा," ती बाई वर बघून ओरडली. "ते आता देवापाशी आहेत."

"देव तुमचं भलं करो," कुस्तोदियो म्हणाला आणि टोपी परत घातली.

ते गेले. समोरच्या दारात फेलिस्मिना होती. तिने त्या दिवशी काही विचारलं नाही. उठली आणि आत गेली, आणि तिने दार लावून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी मी सूप वर नेलं. कोबीची पानं, बटाटे, पाव, थोडे ऑलिव्ह. तो खिडकीकडे पाठ करून टेबलाशी बसला होता. त्याच्या कानात यंत्र होतं. आठवड्यापूर्वी दवाखान्यातली नर्स येऊन नवीन बसवून गेली होती, हे शीळ घालत नाही म्हणून. मला वाटलं होतं, तेही खणातच गेलं असेल.

त्याने अर्धं सूप संपेपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाला, "चांगलं गायले."

"हो."

"किती दिवस चाललंय हे?"

मी चमचा खाली ठेवला. "काय?"

"लिंदा," तो म्हणाला. तो मला लिंदा म्हणतो. "हे यंत्र चांगलं आहे. फेलिस्मिनाच्या मांजराचंही ऐकू येतं. आठवडाभर ऐकतोय. पहिल्या दिवशी वाटलं, ही दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतेय. आज नाव ऐकलं."

 भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात निदान आपल्यालाही ओरडता येतं.

तो पाव मोडत म्हणाला, "मला पोहता येत नाही, ते तू बरोबर सांगितलंस. पडलो असतो तर बुडालोच असतो." आणि किंचित हसला. मग हसू गेलं. "पण झाडूवाला चालला नसता का गं?"

मी उठले आणि चुलीकडे तोंड केलं. चुलीवर काही नव्हतं.

"त्या दिवशी रुंद रस्त्यावरही चालला नव्हता," तो म्हणाला.

हे त्याला आठवत असेल, असं मला चाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. ते असं झालं होतं. मी तेव्हा एका डॉक्टरीणबाईंकडे इस्त्रीला जात होते. एकदा त्यांनी मला कापड दुकानात बरोबर नेलं. मी चांगले बूट घातले होते. झाडांच्या रुंद रस्त्यावर वळलो तर समोर कुस्तोदियो, हिरव्या कपड्यात, हातात पाण्याची जाड नळी. त्याने मला बघितलं. मी दुकानाच्या काचेकडे बघितलं. त्याने आमचे बूट भिजू नयेत म्हणून नळीचं तोंड दुसरीकडे वळवलं, दोघींना सारखीच मान लववली आणि म्हणाला, "बाईसाहेब." ओळख दाखवली नाही. घरी आल्यावरही त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. मी तेव्हा मनात म्हणाले होते, बरं झालं, त्याच्या लक्षातच आलं नाही.

आणि हाच माणूस मला अक्षरं शिकवणारा. नऊ वर्षांची असताना मला परक्या घरी कामाला ठेवलं होतं, शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. त्याला सैन्यात लिहा-वाचायला शिकवलं होतं. उन्हाळ्यात सकाळच्या पाळीला तो आमची गल्ली धुवायचा तेव्हा मी दारात उभी असायचे. पांढरा दगड कोरडा आणि गरम. तो नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याची बारीक धार करायचा आणि पायरीवर एक अक्षर काढायचा. काळं, ओलं. मी ते वाळून जायच्या आत ओळखायचं. नाही ओळखलं तर तो पुन्हा काढायचा, पाणी काय, महापालिकेचं. चाळिसाव्या वर्षी मी माझं नाव असं शिकले, पायरी पायरीवर एक अक्षर. सगळ्यात वरच्या पायरीवरचं शेवटचं अक्षर काढेपर्यंत खालचं पहिलं वाळलेलं असायचं.

त्या रात्री मला झोप आली नाही, एवढंच सांगते. सकाळी उठून मी ठरवलं, आज खरं सांगायचं. वानियाला आधी सांगायचं नाही, ती हसेल आणि मला बोलण्यात हरवेल. सरळ माणसांसमोर सांगायचं. नंतर त्यांनी यायचं बंद केलं तरी चालेल. दारू काय, आपली आपण प्यायची.

वर गेले आणि त्याला म्हणाले, "अकराला खिडकीत बस. यंत्र घाल."

"पुन्हा बुडवणार?"

"घाल म्हटलं ना."

त्याने दाढी केली. मी त्याला धुतलेला शर्ट दिला. टोपी त्याने स्वतःच झटकली.

वानिया अकराला आली. परदेशी माणसं, चौदा-पंधरा, उन्हाने लाल झालेली. कप वाटून झाले. वानिया माझ्याकडे बघून म्हणाली, "चला मावशी, सांगा."

माझ्या हातात कपड्याचा बोळा होता. मी तो टेबलावर ठेवला आणि वर ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "माझा नवरा समुद्रावर कधी गेला नाही. तो रस्ते धुवायचा. पस्तीस वर्षं."

वानियाचं तोंड उघडं राहिलं. समोर फेलिस्मिना खुर्चीतून पुढे झुकली.

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. मी सांगितलं की सणाच्या रात्रीनंतर ही सगळी गल्ली माशांच्या काट्यांनी आणि फुटक्या ग्लासांनी भरलेली असायची, आणि लोक उठायच्या आत तो आणि त्याचे सोबती ती धुऊन काढायचे. लोकांना वाटायचं, शहर आपोआप स्वच्छ होतं. सांगितलं की तुम्ही उभे आहात ती पायरी त्याने किती हजार वेळा धुतली असेल, त्याचा हिशेब नाही. पाण्याने अक्षरं काढायचा, तेही सांगितलं. रुंद रस्त्यावरचंही सांगणार होते, पण ते गिळलं. मी हात वर करून खिडकी दाखवली.

"तो बघा. तो कुस्तोदियो. मला त्याची लाज वाटायची. आता माझी वाटते."

फेलिस्मिनाने नाक शिंकरलं. वर बघायचं माझं धाडस झालं नाही.

माणसं वानियाकडे बघत होती.  मग ती बोलायला लागली. मला तिची भाषा कळत नाही. चेहऱ्यांवरून कळेल म्हणून मी चेहरे बघत राहिले. ती बोलत होती, बोलत होती, आणि तिचा हात वर आला. तळहात आडवा. लाटेसारखा खालीवर झाला.

मला क्षणभर वाटलं, नळीचं पाणी. ती नळीचं पाणी दाखवतेय.

मग तो हात हळूच खाली गेला.

एका बाईने क्रूसाची खूण केली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग वानियाने खिडकीकडे बोट दाखवून दोन शब्द सांगितले आणि सगळ्यांनी वर बघून दयेने माना हलवल्या, भावाकडे बघतात तशा. आणि मग मेलेल्या माणसासाठी सगळ्यांनी माना खाली घातल्या. पंधरा माणसं, माझ्या दाराशी, पायऱ्यांकडे बघत, गप्प.

मी वानियाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ओठ न हलवता, वर ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "मावशी, माफ करा. यांना बुडालेलाच हवा असतो."

मला बोलता आलं असतं. त्यांची भाषा येत नसली तरी हातवाऱ्यांना कुठे भाषा लागते. जिन्याने वर जाऊन, त्याच्या गळ्यात हात घालून, हा माझा, हा जिवंत, एवढं दाखवता आलं असतं. मी वर बघितलं.

कुस्तोदियो खिडकीत ताठ बसला होता. खुबा मोडल्यापासून मी त्याला इतकं ताठ बसलेलं बघितलं नव्हतं. टोपी छातीशी होती आणि तो खाली वाकलेल्या त्या माणसांकडे बघत होता, एकेकाकडे. मी गप्प राहिले.

ते गेल्यावर मी वर गेले. तो म्हणाला, "बघितलंस?"

"काय?"

"सगळ्यांनी खाली बघितलं. फरशी बघत होते. टोपी काढली एकाने, पायरीसाठी." त्याने ओला डोळा शर्टाच्या बाहीला पुसला. "कुणी बघत नाही गं खाली. पस्तीस वर्षांत कुणी बघितली नाही."

मी त्याच्या हातातून टोपी घेतली आणि खुंटीला लावली. लावायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ लावला.

"उद्याही सांगशील ना?" त्याने विचारलं.

तेव्हापासून मी रोज खरं सांगते. सोमवार सोडून. मी खरं सांगते आणि वानियाचा हात खाली जातो. माझ्या भाषेत तो गल्ली धुतो, तिच्या भाषेत बुडतो, आणि माणसं माना खाली घालतात. फेलिस्मिना आता बुडाला का, असं विचारत नाही. तिला वानियाचा हात दिसतो, तिला सगळं कळतं, आणि ती माझ्याकडे बघते ते मला टोमण्यापेक्षा जड जातं. एकदा फक्त म्हणाली, "त्याला सांगणार आहेस का?" मी म्हणाले, "तू सांग." ती म्हणाली, "मी कशाला," आणि मांजराला हाक मारली.

कुस्तोदियो रोज दहाला दाढी करतो. साडेदहाला टोपी मागतो. दुपारी सूप पिताना एकच विचारतो, आज त्यांनी पायऱ्या नीट बघितल्या का.

मी म्हणते, बघितल्या.